दगडी लाटा

"अगं, सापडल्या! धाव लवकर!" भूगोलाचे निवृत्त मास्तर ओल्या वाळूत गुडघे टेकून ओरडत होते.

त्यांची बायको वर वाळूच्या टेकडीवर उभी होती. कालच्या वादळाने टेकडीची समुद्राकडची बाजू सुरीने कापावी तशी उभी कापून नेली होती. आत पांढऱ्या वाळूत काळ्या वाळूचे पट्टे दिसत होते, पण तिला पट्ट्यांचं काय? उतरायचं कुठून, हीच पंचाईत.

"काय सापडल्या?"

"दगडी लाटा!"

"झालं पुन्हा सुरू!"

लग्नानंतर पहिल्यांदा तिला इथे आणलं, तेव्हा लहानपणी एकदाच पाहिलेल्या या लाटा दाखवायला मास्तरांनी कोपरापर्यंत वाळू उकरली होती. खाली वाळूच निघाली. तेव्हापासून घरात कुणी थाप मारली की बाकीचे म्हणायचे, 'दगडी लाटा!' लेक तर आजही गाडीतून उतरली नव्हती. "बाबा, तुमच्या थापा तुम्हीच बघा," म्हणाली.

भरती चढत होती. प्रत्येक लाट थोडी थोडी वाळू परत आणून टाकत होती.

"अगं, बुजतंय सगळं! पुन्हा या जन्मात दिसायचं नाही!" मास्तरांचा आवाज चिरकला.

तो आवाज ऐकून ती मटकन बसली आणि बसल्या बसल्याच घसरत खाली आली.

वादळाने वाळू ओढून नेली होती आणि खालचा खडक उघडा पडला होता. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर बारीक लाटा उमटतात ना, अगदी तशाच त्याच्यावर होत्या. मधे मधे शिंपले रुतलेले. तिने एका शिंपल्याला नख लावलं. तसूभरही हलेना.

"शिंपल्यांचा चुना वाळूत मुरला आणि वाळू जागच्या जागी दगड झाली!" मास्तर एका दमात म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वीची ओहोटी आहे ही. तू तिच्यावर उभी आहेस!"

"अगंबाई! खरंच होत्या की हो!" तिने त्यांचा दंड घट्ट धरला. मास्तरांना हसावं की रडावं कळेना.

पाणी तिच्या घोट्यांवर आलं. खडक दिसेनासा झाला.

"चल आता, भिजशील."

"भिजू दे. मी इथून हलत नाही. माझा पाय बरोबर लाटेवर आहे, हलले तर पोरीला कुठे दाखवणार? तुम्ही पळा, तिला घेऊन या."

मास्तर पळाले. मागून ती ओरडली, "अहो! आणि दगडी लाटा सापडल्या असं सांगू नका, नाहीतर यायची नाही ती!"