वर आलेले मासे

सगळे मासे वर आले होते, अकराच्या अकरा. पाण्याला तोंड लावून नुसती उघडझाप करत होते.

“बघितलंस?” अनिता म्हणाली. “मी येऊन बसली की येत्यात.”

नागेशनं मान हलवली. बारामतीत त्याचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. ही चार फुटी टाकी दोन वर्षांपूर्वी त्यानंच लासुर्ण्याला आणून बसवली होती, तिच्या मुलाच्या खोलीत. मुलगा, अविराज, जाऊन तेवीस दिवस झाले होते. स्वतःहून गेला. कुणाला काही बोलला नाही, चिठ्ठी ठेवली नाही. भेटायला येणाऱ्यांनी का, का म्हणून विचारून घेतलं आणि आता तेही येईनासे झाले होते.

फोन जोतीरामनं केला होता. टाकीतल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड देणारा सिलेंडर दोन महिने पुरायचा, तो तीन आठवड्यांत संपत आला, कुठं गळतोय ते बघून जा, एवढंच. ठिबकची नळी गळत असल्याचं सांगावं त्याच आवाजात मुलाचा बाप बोलला होता.

नागेश वाकला. आतून काचेला चिकटवलेल्या बारक्या काचेच्या फुग्यात थोडं औषध असतं. पाण्यात गॅस कमी असला की ते निळं राहतं, बेताचा असला की हिरवं होतं, जास्त झाला की पिवळं. फुगा पिकल्या लिंबासारखा पिवळा होता. गॅसचा बुडबुडा सेकंदाला एक सुटायला हवा, इथं बुडबुडे मोजता येत नव्हते.

“काका, रात्री बंद करत न्हाय का गॅस?”

“लाइट सारखी जाती-येती, टायमर बिघडला. मग पिन थेट बोर्डातच घातली.” जोतीराम दाराला टेकून उभा होता. “झाडं मलूल दिसाय लागली म्हणून चावी बी जरा ढिली केली. त्यानं लावल्याली हायती. वाळाय नकोत.”

ऊस पिवळा पडला की खताचा डोस वाढवायचा, हे त्याचं जन्मभर बरोबर ठरत आलं होतं. आताही झाडं टवटवीत होती. त्याचं चुकलं असं म्हणायला नागेशची जीभ रेटत नव्हती.

“गळती न्हाय कुठं,” नागेश म्हणाला आणि पुढचं बोलायच्या आधी थांबला.

अनितानं डबी उघडून चिमूटभर खाणं पाण्यावर टाकलं. “सकाळी लई भुकेली असत्यात. आधी माझ्यापाशी कधी आली न्हाईत, अवी गेल्यापासनं येत्यात. मुकी असली तरी कळतं त्यांना.”

खाणं तसंच तरंगत राहिलं. एकाही माशानं त्याला तोंड लावलं नाही. नागेशनं ते पाहिलं. ती माशांकडे बघत होती.

“तिचं एवढंच बोलणं हाय आता दिवसभरात,” जोतीराम हळू आवाजात म्हणाला. “मग परत सकाळपतोर गप.”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. सांगावं तर या बाईकडे दुसरं काही उरत नव्हतं. न सांगावं तर आणखी दोन-चार दिवसांत मासे पोटं वर करून तरंगले असते आणि ते तिनंच पाहिलं असतं. नागेशनं मुकाट्यानं बोर्डातली गॅसची पिन काढली. मग तांब्या मागून घेतला आणि टाकीतलंच पाणी भरून वरून पुन्हा टाकीत ओतत राहिला. पाण्यात हवा मिसळायला दुसरा उपाय जवळ नव्हता. जोतीरामनं चहा आणून ठेवला. तो कुणी घेतला नाही.

अर्ध्या तासानं एक मासा खाली गेला. मग आणखी दोन. हळूहळू सगळे झाडांत शिरले आणि पानांमधून संथ फिरू लागले. बऱ्याच दिवसांनी ते माशांसारखे दिसत होते. खोलीत ते पाहून आनंद झालेलं मात्र कुणी नव्हतं.

अनितानं काचेवर बोट वाजवलं. एकही वर आला नाही.

“पोट भरलं असंल,” जोतीराम म्हणाला.

“खाल्लंच न्हाय की.” तिनं आता पाण्यावरचे कण पाहिले. ते भिजून फुगले होते. “नागेश, काय केलंस रं?”

नागेशनं तांब्या खाली ठेवला. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण तिच्याकडे बघून जमलं नाही.

“गॅस बंद केला, काकी. लई झालता. पाण्यात श्वास घेता येत नव्हता त्यांना. म्हणून वर येत होते.”

“रोज?”

“व्हय.”

जोतीरामनं मान खाली घातली. अनिता रडली नाही. तिनं डबीचं झाकण लावलं, घट्ट आहे का बघितलं आणि डबी मांडीवर ठेवली. नागेशला वाटलं, झालं हिचं बोलून.

“शेवटच्या आठवड्यात अवी रोज सैपाकघराच्या दारात येऊन उभा ऱ्हायचा,” ती म्हणाली. “बोलायचा काय न्हाय. नुसता बघायचा माझ्याकडं.”

तिनं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

“मला वाटायचं, भूक लागली. मी म्हणायची, बस, वाढते.”