डावा दस्ता

कामशेतच्या सुतारानं आबांच्या रायफलीला शिसवी दस्ता बसवून दिला आणि तो पाहून त्यांच्या थोरल्या पोराचा, कोंडूचा, जळफळाट झाला. दस्त्यावर गाल टेकायचा उंचवटा होता, पण उजव्या अंगाला. म्हणजे रायफल डाव्या खांद्याला लावणाऱ्यासाठी. घरात डावखुरा एकटा बुधा, धाकटा.

लोणावळ्याच्या बंगल्यातला साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा आबांनी ती विकत घेतली होती. खालची कडी ओढली की पुढची गोळी आपोआप नळीत. अख्ख्या लोहगडवाडीत तशी दुसरी नव्हती.

कोंडूनं बुधाशी बोलणं टाकलं. ताट घेऊन तो पडवीत एकटा जेवू लागला. शेवटी एक दिवस त्याला राहवलं नाही.

"आबा, डुकरांमागं तुमच्यासंगं रानोमाळ म्या हिंडलो. आन् रायफल बुधाला?"

आबा दस्त्याला जवसाचं तेल चोळत होते. "बुधाला कुनी दिली?"

"मग दस्ता डावखुऱ्याचा कशापायी केलाय?"

आबांनी रायफल उचलून स्वतःच्याच डाव्या खांद्याला लावली आणि उंचवट्यावर गाल टेकला.

"उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला. डाव्यानंच नेम धराया लागतोय."

"कवापासनं?"

"साल झालं." आबांनी रायफल खाली घेतली, फडकं पुन्हा तेलात बुडवलं. "पडवीत ताट न्यायच्या आदी तू रोज माज्याम्होरंच जेवाय बसायचास की."