डबीतून वगळलेली गोळी

धाकट्या भावाचा जीव जपणं हे थोरल्या भावाचं कर्तव्यच असतं. वैजनाथ रोज सकाळी भाल्याच्या औषधांची डबी स्वतः भरून, आणि त्यातली एक गोळी मुद्दाम वगळून, ते पार पाडत असे.

गोळी हृदयविकाराची होती, हे त्यानं मोबाइलवर वाचलं होतं. भाल्याचं हृदय ठणठणीत होतं. खराब झालं होतं ते लिव्हर. ‘घाईत लिहिली असेल बिचाऱ्यानं,’ म्हणत वैजनाथनं डॉक्टरांना मोठ्या मनानं माफ केलं.

महिन्याभरात भाल्याला रक्ताची उलटी झाली. “लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेत दाब वाढला, की अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात,” डॉक्टर म्हणाले. “हृदयाची ती गोळी हाच दाब कमी ठेवते. नियमित घेत होते ना?” वैजनाथ भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ पाटीकडे बघत राहिला.

भाल्या उशीला टेकून बसू लागला, तेव्हा वैजनाथनं सगळं सांगून टाकलं. “तुला मारायलाच निघालो होतो रे मी.”

“दादा, लहानपणी तू नाक दाबून एरंडेल पाजलंस, तेव्हापासून तुझ्या हातचं औषध मी घेत नाही,” भाल्या म्हणाला. “डबी रोज बेसिनमध्ये रिकामी करायचो.”

“सगळी?”

“सगळी.”

वैजनाथला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

हे सगळं ऐकलेली नर्स तीच गोळी घेऊन पुढे आली. भाल्या ती गिळेपर्यंत तिनं वैजनाथला बाहेर उभं केलं.