दुमजली हसू

कार्यकर्त्यांवर छाप पाडायला सर्जेरावांनी आणलेल्या विलायती सरड्याची गळ्याखालची काटेरी दाढी काळीठिक्कर पडली होती. नाकतोडे पुढ्यात टाकले तरी तो ढुंकून बघेना, नुसता पेटीची काच ओरबाडत बसला होता.

"घाबरलाय हा. समोर काही नवीन आलंय का?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं.

सर्जेरावांच्या बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीवर परवाच नवऱ्याच्या वाढदिवसाचा दुमजली फ्लेक्स लागला होता. हात जोडून, बत्तिशी दाखवत हसणारे 'भावी नगरसेवक'! तिने पडदा ओढला. डॉक्टरांचा चहा होईतो दाढी पिवळसर झाली आणि सरड्याने नाकतोडा मटकावला.

"मुक्या जनावराला काय कळतंय!" सर्जेराव उखडले. "फ्लेक्स हलणार नाही. यालाच आतल्या खोलीत हलव."

"हलवते की," ती म्हणाली. "पण अहो, मतदारांना कुठं हलवणार?"