ट्राउटसाठी आणलेलं लिंबू

हिमाचलातल्या कुल्लूच्या थंडगार नदीत मी हातानं ट्राउट मासा पकडला होता, या माझ्या गोष्टीवर आमचं अख्खं नालवाडी गाव हसतं. हा मासा नुसत्या मीठ-लिंबावर भाजावा, मसाला दिसला तर तव्यावरून उडी मारून पळतो, हेही मीच सांगितलेलं. सगळ्यांची तोंडं बंद करायला नागपूरहून बर्फातला ट्राउट आणला, शेजारच्या प्रेमदासला जेवायला बोलावलं आणि लिंबू आणायला गेलो. परतलो, तर बायकोनं मासा तुकडे करून काळ्या रश्शात सोडलेला! “अवं, हे काऊन केलं?” “पाहुण्याले बिनारश्शाचं जेवू घालू का? अन् मसाला पाहून पळाला नाई बा तुमचा मासा!” जेवायला बसल्यावर प्रेमदास बोटं चाटत म्हणाला, “भाऊ, हा त आपल्या धाम नदीचा रोहू!” मी भडकणार, तोच बायकोनं माझ्या खिशातलं लिंबू माझ्याच वाटीत पिळलं. वाटी फेकावीशी वाटली. पण ती मी दुसऱ्यांदा रश्शासाठी पुढे केली होती.