पाईपवरची साथ

तिलेकने गिटार हातात घेतली, की वरच्या मजल्यावरची बुरुल आपा घर गरम ठेवणाऱ्या पाईपवर डावाने ठणठण वाजवायची. बिश्केकच्या त्या जुन्या इमारतीत पाईप वाजला, की त्याचा अर्थ एकच, गप्प बसा. तिलेक ओशाळून गिटार ठेवून द्यायचा.

त्याच्या रॉक बँडच्या पहिल्या कार्यक्रमाला आपा डोक्याला रुमाल बांधून अगदी पुढे उभी! कार्यक्रम संपला. आता ही चारचौघांत अब्रू काढणार, म्हणून तो मागच्या दाराने सटकायला लागला, तर आपाने त्याची बाहीच धरली.

"छान वाजवलंस हो पोरा. पण घरी मी पाईपवर साथ धरली, की तू लगेच थांबायचास. मला आपलं वाटायचं, माझाच ठेका चुकतोय."