विरजण

कुणीतरी गटारात ॲसिड ओतलं आणि सांडपाणी केंद्राच्या टाकीतले घाण खाणारे जिवाणू मेले. नवं विरजण मिळेपर्यंत मैलापाणी तसंच नदीत जाणार, हे ऑपरेटरबाईला बघवेना. विरजणाला लागणारा जिवंत जिवाणूंचा गाळ होता तो नदीच्या खालच्या अंगाच्या गावात, थोरल्या जावेच्या केंद्रावर. तीन वर्षं पाळलेला अबोला मोडून ती टँकर घेऊन फाटकाशी गेली.

"ताई, विरजण हवंय."

"इतक्या दिवसांनी तोंड उघडलंस, तेही घाण मागायला?"

"चांगली घाण तुमच्याकडेच आहे."

जाऊ हसली नाही. गाळाच्या टाकीला जोडलेला पाइप तिने टँकरकडे ओढला.

"परवाच जोडून ठेवलाय. आमच्याकडे नदी काळी पडलेली दिसली, तेव्हाच समजलं, तू येणार."